धारवाडला साक्ष होत नाही: बेळगावचा दावा हायकोर्टात गेल्यावर काय होतं

बेळगावच्या सिव्हिल कोर्टात दावा हरलेला माणूस वकिलाच्या ऑफिसात येतो, फाईल टेबलावर ठेवतो आणि विचारतो, "मग आता धारवाडला साक्ष कधी?"

साक्ष नसते. हायकोर्टात अपील गेलं की तुम्हाला पुन्हा पिंजऱ्यात उभं करत नाहीत आणि गावातल्या पंचांनाही बोलावत नाहीत. खालच्या कोर्टात जे कागदावर आलं तेच वर जातं. वाद घालायचा तो त्याच कागदावर. तालुका कोर्टात साक्ष चालू असताना तारखेला न जाणारे आणि "हायकोर्टात बघून घेऊ" म्हणणारे पक्षकार मी इतके पाहिलेत की ही एक गोष्ट तरी मराठीत सरळ लिहून ठेवावी असं वाटलं. आपल्या भागात त्याला भाषेचीही एक बाजू आहे. तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहिणार आहे.

आधी आपलं हायकोर्ट कोणतं ते बघू. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी बेळगाव जिल्ह्याची अपिलं मुंबईला जायची. राज्य पुनर्रचनेनंतर ती बंगळूरला जाऊ लागली, म्हणजे एका तारखेसाठी पाचशे किलोमीटर. २००८ साली धारवाड आणि गुलबर्ग्याला (आताचं कलबुर्गी) हायकोर्टाची सर्किट बेंच, म्हणजे तात्पुरती शाखा, सुरू झाली आणि २०१३ मध्ये ती कायम झाली. आज बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, अथणी या सगळ्यांचं हायकोर्ट म्हणजे धारवाडचं बेंच. कारवार, हल्याळ, जोयड्याची मराठी माणसंही तिथेच जातात. बिदर-भालकीची प्रकरणं मात्र कलबुर्गी बेंचकडे. बेळगावहून धारवाड पाऊणशे किलोमीटरच्या आसपास आहे. सकाळी निघून संध्याकाळी घरी येता येतं, गरीब पक्षकाराला हा मोठा दिलासा आहे.

धारवाडच्या केसचा नंबर पाहून बरेच जण धास्तावतात. पावतीवर १००२३४ असा आकडा दिसला की वाटतं, आपल्यापुढे लाखभर केसेस आहेत. तसं नाही. धारवाडची प्रकरणं ओळखता यावीत म्हणून त्यांचे नंबर एक लाखाच्या पुढे सुरू होतात, कलबुर्गीचे दोन लाखांच्या पुढे. नंबराआधीची अक्षरं मात्र नीट वाचा, कारण तुमच्या प्रकरणात कोर्ट काय बघू शकतं ते त्यांवरून कळतं. आर.एफ.ए. म्हणजे पहिलं अपील, आर.एस.ए. म्हणजे दुसरं. एम.एफ.ए. बहुतेकदा अपघाताच्या भरपाईचं असतं आणि डब्ल्यू.पी. म्हणजे रिट, बहुतेकदा सरकारी अधिकाऱ्याच्या हुकमाविरुद्धचा अर्ज. फौजदारीत क्रिमिनल पिटिशन, क्रिमिनल अपील आणि रिव्हिजन (खालच्या हुकमाची मर्यादित फेरतपासणी) असे तीन रस्ते.

पहिलं अपील आणि दुसरं अपील

समजा खानापूर तालुक्यातल्या एका गावात चार एकर भातशेती आहे. वडील वारले, दोघा भावांनी उताऱ्यावर आपली नावं लावून घेतली आणि बहिणीने खानापूरच्या सिव्हिल कोर्टात वाटणीचा दावा घातला. भावांचं म्हणणं, वडिलांच्या हयातीतच तोंडी वाटणी झाली होती. ज्युनियर डिव्हिजन कोर्टाने बहिणीला हिस्सा दिला. त्यावर पहिलं अपील सीनियर डिव्हिजन कोर्टात, तिथेही बहीणच जिंकली. आता भाऊ धारवाडला येतात ते दुसरं अपील, आर.एस.ए.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० प्रमाणे दुसऱ्या अपिलात हायकोर्टापुढे एकच प्रश्न असतो: या प्रकरणात कायद्याचा महत्त्वाचा मुद्दा आहे का? १९७६ च्या दुरुस्तीनंतर ही अट फार कडक झाली. ॲडमिशनच्या दिवशी, म्हणजे अपील दाखल करून घ्यायचं की नाही हे ठरतं त्या दिवशी, वकील उभे राहतात आणि सांगू लागतात, वादीचा दुसरा साक्षीदार खोटं बोललाय, तो तिचा चुलत दीर आहे. न्यायाधीश विचारतात, दोन कोर्टांनी त्याच्यावर विश्वास ठेवला आहे, मग कायद्याचा मुद्दा कोणता? या प्रश्नाला नीट उत्तर नसेल तर अपील त्याच दिवशी निकाली निघतं. घरून पहाटे निघालेल्या पक्षकाराला कळतच नाही की आपलं सगळं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय हे संपलं कसं. कोर्टाने अन्याय केला असं त्याला वाटतं. पण साक्षीदार खरा की खोटा हे ठरवायच्या दोन पायऱ्या त्याने आधीच पार केलेल्या असतात.

मग कायद्याचा मुद्दा होतो तरी कशाने? खालच्या कोर्टाने पुराव्यात आलेला महत्त्वाचा कागद अजिबात विचारातच घेतला नसेल तर होतो. जी गोष्ट प्रतिवादीने सिद्ध करायची, तिचा भार वादीवर टाकला असेल तरी होतो. काहीच पुरावा नसताना निष्कर्ष काढला असेल, किंवा कलमाचा अर्थ सुप्रीम कोर्टाच्या निकालाविरुद्ध लावला असेल, तर नक्कीच. असा मुद्दा सापडला तर हायकोर्ट तो लिहून काढतं, अपील दाखल करून घेतं आणि पुढची सगळी सुनावणी तेवढ्याच मुद्द्यावर चालते. शिवाय पैशाच्या वसुलीचा दावा २५,००० रुपयांपर्यंतचा असेल तर दुसरं अपील मुळात करताच येत नाही.

पहिलं अपील थेट हायकोर्टात गेलं तर चित्र वेगळं. मोठ्या किमतीचा दावा सीनियर डिव्हिजन कोर्टात चालला असेल तर त्याचं आर.एफ.ए. सरळ धारवाडला येतं. इथे हायकोर्ट पुरावासुद्धा पुन्हा तपासतं, प्रत्येक साक्ष वाचतं, मुद्दे काढून त्यांवर कारणांसह उत्तर देतं. पण तपासतं ते वाचूनच. नवा कागद दाखल करायचा तर आदेश ४१ नियम २७ खाली अर्ज द्यावा लागतो आणि तो खालच्या कोर्टात का दिला नाही याचं पटणारं कारण सांगावं लागतं. "वकिलांनी मागितला नाही" हे कारण सहसा चालत नाही.

मुलींच्या हिश्श्याबद्दल बोलतोच आहोत तर एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती बेळगावची आहे. १९९२ मध्ये बेळगावच्या सीनियर डिव्हिजन कोर्टात एका मुलीने १/७ हिश्श्यासाठी वाटणीचा दावा घातला. वडील १९८८ मध्येच वारले होते. दावा चालू असताना हिंदू वारसा कायद्यातली २००५ ची दुरुस्ती आली आणि मुलीला मुलासारखाच जन्मसिद्ध हिस्सा मिळाला. हायकोर्टाने चालू दाव्यालाही तो लागू केला. १६ ऑक्टोबर २०१५ ला सुप्रीम कोर्टाने प्रकाश विरुद्ध फुलवती या नावाने तो निकाल फिरवला आणि सांगितलं की ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असले पाहिजेत. त्यानंतर देशभर कितीतरी मुलींचे दावे या एका वाक्यावर फेटाळले गेले. ११ ऑगस्ट २०२० ला तीन न्यायाधीशांच्या पीठाने विनीता शर्मा प्रकरणात ते मत चुकीचं ठरवलं: हक्क जन्माने आहे, वडील त्या तारखेला हयात असण्याची गरज नाही. अपवाद उरला तो २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने पूर्ण झालेल्या वाटणीचा. आमच्या खानापूरच्या उदाहरणातले भाऊ म्हणतात तशी नुसती तोंडी वाटणी सहजी मान्य होत नाही, तिला सरकारी कागदाचा भक्कम आधार लागतो.

मराठीत बोललं, कन्नडमध्ये उतरलं

आता भाषेची बाजू. आपल्याकडे तालुका आणि जिल्हा कोर्टाचं कामकाज कन्नड आणि इंग्रजीत चालतं. हायकोर्टाची भाषा राज्यघटनेच्या कलम ३४८ प्रमाणे इंग्रजी. पक्षकार आणि साक्षीदार मराठी. आणि वर सांगितलं तसं, हायकोर्ट फक्त कागद वाचतं. म्हणजे तुम्ही पिंजऱ्यात मराठीत काय बोललात ते वर कोणालाच कळत नाही. कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत जे टाईप झालं, तीच तुमची साक्ष.

दिवाणी दाव्यात सरतपास, म्हणजे साक्षीदाराने स्वतःच्या बाजूने सांगायची साक्ष, आता प्रतिज्ञापत्रावर होतो. वकिलांच्या ऑफिसात कन्नडमध्ये टाईप केलेली चार-पाच पानं तुमच्यापुढे येतात आणि तुम्ही सही करता. पुढच्या तारखेला समोरचे वकील त्याच पानांतलं एकेक वाक्य काढून उलटतपास घेतात. वीस वर्षं एकत्र कसलेल्या जमिनीबद्दल त्या पानावर "वडिलांच्या हयातीत भाऊ वेगवेगळे कसत होते" असं आलं असेल, तर एकत्र कुटुंबाची सगळी केस तिथेच ढिली पडते. माणूस म्हणतो, मी असं बोललोच नव्हतो. पण खाली त्याची सही असते, आणि पाच वर्षांनी धारवाडला न्यायाधीश ती सही बघतात.

कायद्याने यावर उपाय ठेवला आहे, तो वापरला जात नाही हे दुःख आहे. दिवाणी संहितेच्या आदेश १८ नियम ६ मध्ये स्पष्ट लिहिलंय: साक्षीदार एका भाषेत बोलला, साक्ष दुसऱ्या भाषेत उतरवली आणि ती भाषा साक्षीदाराला कळत नसेल, तर उतरवलेलं त्याला त्याच्या भाषेत समजावून सांगितलंच पाहिजे. फौजदारी खटल्यातही आरोपीला न समजणाऱ्या भाषेत साक्ष झाली तर ती त्याला समजणाऱ्या भाषेत सांगावी लागते. तेव्हा सही करण्याआधी हात जोडून म्हणा, "साहेब, मला मराठीत वाचून दाखवायला सांगा." बेळगावच्या कोर्टांत कन्नड-मराठी दोन्ही जाणणारे कर्मचारी आणि वकील असतात, कोणी रागवत नाही. चूक दिसली तर तिथल्या तिथे सांगा, म्हणजे दुरुस्तीची नोंद होते. घरी जाऊन आठवलेली चूक दुरुस्त करणं फार अवघड असतं.

जुन्या कागदांचंही तसंच. आपल्या भागात आजोबा-पणजोबांच्या ट्रंकेत मोडीतली खरेदीखतं, गहाणखतं, वाटणीपत्रं अजून सापडतात. तीस वर्षांपेक्षा जुना कागद योग्य ताब्यातून आला तर त्याच्या सही-अक्षराबद्दल कायदा काही गृहीत धरू शकतो, पण तो कोर्टाला वाचता तर आला पाहिजे. मोडी जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या, त्याचं कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर जोडा, आणि हे दावा तालुक्यात असतानाच करा. अपिलात मोडीची पानं घेऊन येणाऱ्याला नियम २७ ची भिंत लागते.

उतारा, प्रांत आणि रिट

उताऱ्यावर नाव कोणाचं, हा दावा नाही, हा महसुली वाद आहे. तहसीलदारांच्या फेरफारावर प्रांतांकडे अपील, त्यावर जिल्हाधिकाऱ्यांकडे रिव्हिजन आणि मग धारवाडला रिट. पण उताऱ्यावर नाव असल्याने कोणी मालक होत नाही. हायकोर्ट अशा रिटमध्ये मालकी ठरवत नाही, फार तर अधिकाऱ्याने नोटीस न देता हुकूम केला म्हणून प्रकरण परत पाठवतं आणि मालकीसाठी सिव्हिल कोर्टात जा म्हणतं. दहा वर्षं उताऱ्यामागे धावून शेवटी हेच ऐकायला मिळालेली कुटुंबं आहेत. भाऊबंदकीचा वाद खरोखर हिश्श्याचा असेल तर पहिल्या वर्षीच वाटणीचा दावा घालावा, असं माझं ठाम मत आहे.

कुळाच्या जमिनीबद्दल एक सावधगिरी. चंदगड किंवा गडहिंग्लजचे पाहुणे सांगतात, आमच्याकडे १ एप्रिल १९५७ ला कुळ मालक झालं. ते महाराष्ट्राचं. आपल्याकडे कर्नाटक जमीन सुधारणा कायद्याखाली कुळाच्या जमिनी १ मार्च १९७४ ला सरकारकडे गेल्या आणि कुळाने फॉर्म सात भरून लँड ट्रायब्युनलकडे मागणी करायची होती. त्या ट्रायब्युनलच्या हुकमांवर रिट धारवाडला चालतात. ती जमीन कसणारी माणसं गेली, आता त्यांचे नातू तारखांना जातात.

अपघाताची भरपाई

पुणे-बंगळूर हायवे आपल्या जिल्ह्यातून निपाणी, संकेश्वर, बेळगाव, कित्तूर असा जातो, त्यामुळे धारवाडला अपघाताची अपिलं भरपूर. अपघात भरपाईच्या ट्रायब्युनलने कमी रक्कम दिली तर ९० दिवसांत हायकोर्टात अपील करता येतं. विमा कंपनीला अपील करायचं असेल तर तिला आधी ठरलेली रक्कम जमा करावी लागते. या प्रकारात हायकोर्ट खरोखर मदत करू शकतं, कारण भरपाईचा हिशेब बराचसा ठरलेला आहे आणि चूक आकड्यात दाखवता येते.

३८ वर्षांचा एक गवंडी गेला असं धरा. घरी बायको, दोन मुलं, आई. महिना १५,००० मिळकत. चाळिशीच्या आतला स्वतंत्र धंद्याचा माणूस म्हणून भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवायचे, झाले २१,०००. चार जण अवलंबून, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी चौथा हिस्सा वजा, उरले १५,७५०. वर्षाचे १,८९,०००. वय ३६ ते ४० ला गुणक १५, म्हणजे २८,३५,०००. शिवाय अंत्यविधी, मालमत्तेचं नुकसान, सहवासाचं नुकसान यांच्या ठरलेल्या रकमा वेगळ्या. आता ट्रायब्युनलने "मिळकतीचा पुरावा नाही" म्हणून ९,००० धरले आणि भविष्याची वाढ दिलीच नाही, तर तोच हिशेब १२,१५,००० वर येतो. फरक १६ लाख २० हजारांचा. गवंड्याकडे पगारपत्रक नसतं हे कोर्टालाही ठाऊक आहे. कर्नाटकात लोकअदालतीसाठी वर्षवार गृहीत मिळकतीचा तक्ता आहे आणि हायकोर्ट असा पुरावा नसताना तो आधाराला घेतं. गुणक आणि वाढीचे टक्के सुप्रीम कोर्टाच्या २००९ आणि २०१७ च्या निकालांनी पक्के केले आहेत. कोल्हापूरचा माणूस निपाणीजवळ गेला तर त्याच्या घरच्यांना अर्ज कोल्हापुरातही करता येतो, कारण राहत्या ठिकाणी अर्ज करायची मुभा कायद्यात आहे.

फौजदारी

मारामारी, बांधावरून शिवीगाळ, उलटसुलट फिर्यादी, चेक न वटणं, सासरच्यांविरुद्धची तक्रार. रोजच्या फौजदारीत हायकोर्टाचं काम मुख्यतः तीन जागी येतं.

पहिली जागा जामिनाची. अटकपूर्व किंवा नियमित जामीन सेशन्स कोर्टाने नाकारला की धारवाडला क्रिमिनल पिटिशन. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेऐवजी नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि कलमांचे नंबर बदलले. जुन्या संहितेत कलम ४८२ खाली गुन्हा रद्द करायला मागायचे, आता ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, आणि गुन्हा रद्द करण्यासाठी ५२८. नियमित जामीन ४८३. कागद वाचताना गोंधळू नका. पोलिसांनी ठरलेल्या मुदतीत, म्हणजे गंभीर गुन्ह्यांत ९० आणि इतरांत ६० दिवसांत दोषारोपपत्र दिलं नाही तर जामीन हा हक्क होतो, आणि तो त्याच कोर्टात लगेच मागावा लागतो.

दुसरी जागा गुन्हा रद्द करण्याची. फिर्यादीतलं सगळं खरं धरलं तरी गुन्हाच होत नसेल, तर हायकोर्ट ती रद्द करतं. व्यवहाराचे पैसे बुडाले म्हणून फसवणुकीचा गुन्हा, असं दिवाणी वादाला फौजदारीचं कपडं घातलेलं असेल तरीही. पण "मी त्या दिवशी गावात नव्हतो" हा बचाव इथे ऐकत नाहीत, तो खटल्यात सिद्ध करायचा. भावकीतलं भांडण मिटलं, दोन्ही बाजू समजुतीचा कागद घेऊन आल्या, तर तडजोड न होणाऱ्या कलमांतही हायकोर्ट खटला संपवू शकतं. सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये ग्यानसिंग प्रकरणात हे स्पष्ट केलं. खून, बलात्कार, दरोडा यांना ही वाट नाही, आणि नसावीच.

तिसरी अपील आणि रिव्हिजनची. सेशन्स कोर्टाने शिक्षा दिली तर अपील हायकोर्टात आणि तिथे पुरावा पूर्ण तपासला जातो. अपील चालू असेपर्यंत शिक्षा थांबवून जामीन मागता येतो. फाशीची शिक्षा हायकोर्टाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. मॅजिस्ट्रेटच्या शिक्षेवरचं अपील मात्र सेशन्सकडे, हायकोर्टात फक्त रिव्हिजन, आणि तिची चौकट अरुंद. पतसंस्थांच्या कर्जाचे चेक-बाऊन्स खटले याच वाटेने येतात. तिथे अपील करताना अपील कोर्ट भरपाईच्या किमान २० टक्के रक्कम भरायला सांगू शकतं, ती तयारी ठेवा. आरोपी सुटला तर पीडितालाही स्वतः अपील करायचा हक्क आहे. गावात हे फारसं माहीत नाही, लोक अजून सरकार अपील करेल म्हणून वाट बघत बसतात.

सीमेच्या दोन्ही बाजूंना पाय असलेल्यांसाठी

आपल्यातल्या अनेकांची जमीन बेळगाव तालुक्यात आणि थोडी चंदगडात. सोयरीक तर दोन्हीकडे. जमिनीचा दावा जमीन असेल तिथल्या कोर्टात चालतो, पण एकाच कुटुंबाच्या जमिनी दोन कोर्टांच्या हद्दीत असतील तर दिवाणी संहितेच्या कलम १७ प्रमाणे कोणत्याही एका ठिकाणी सगळ्या मिळून दावा घालता येतो. बेळगावात घातला तर अपिलाची वाट धारवाडला जाते. चंदगडकडे घातला तर मुंबई हायकोर्टाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे, जे ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालं. निवड करताना भाषेचा विचार करणं चुकीचं नाही.

नवऱ्याने कोल्हापुरात घटस्फोटाचा अर्ज केला आणि बायको माहेरी निपाणीला असेल, तर ते प्रकरण इकडे आणायचा हुकूम ना धारवाड देऊ शकतं ना मुंबई. दोन वेगळ्या हायकोर्टांच्या हद्दीतली बदली फक्त सुप्रीम कोर्ट करतं. पोटगीचा अर्ज मात्र ती राहते तिथे करता येतो, घटस्फोटाचा स्वतःचा अर्जही. गुन्हा महाराष्ट्रात नोंदला गेला आणि माणूस बेळगावात राहत असेल, तर २०२३ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाप्रमाणे इथलं सेशन्स कोर्ट किंवा हायकोर्ट थोड्या मुदतीचा अटकपूर्व जामीन देऊ शकतं, तेवढ्यात तिकडच्या कोर्टात जायचं.

मराठी वर्तमानपत्रात मुंबई हायकोर्टाचा निकाल वाचून कात्रण घेऊन येणारे पक्षकार नेहमी भेटतात. तो निकाल बेळगावच्या कोर्टाला मार्गदर्शक ठरू शकतो, बंधनकारक नाही. बंधनकारक आहेत कर्नाटक हायकोर्टाचे आणि सुप्रीम कोर्टाचे. आणि सीमाप्रश्नाचा जो दावा महाराष्ट्राने २००४ मध्ये सुप्रीम कोर्टात दाखल केला, तो दोन सरकारांमधला आहे. तो प्रलंबित आहे म्हणून तुमच्या बांधाचा, घराचा दावा थांबत नाही, कोणी तसं सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

दिवस मोजा

निकाल लागला त्याच दिवशी नकलेसाठी अर्ज करा. हायकोर्टात दिवाणी अपिलाची मुदत ९० दिवस, खालच्या अपील कोर्टात ३०. नक्कल मिळायला लागलेले दिवस मुदतीतून वगळतात, म्हणून नकलेमागचा अर्जाचा आणि तयार झाल्याचा शिक्का जपून ठेवा. उशीर झाला तर माफीचा अर्ज असतो, पण उशिराचं पटणारं कारण द्यावं लागतं.

अपील केलं म्हणजे स्टे (स्थगिती) मिळाला असं नाही. स्टे वेगळा मागावा लागतो, नाही तर समोरचा दरखास्त (निकालाच्या अंमलबजावणीचा अर्ज) लावून ताबा घेऊ शकतो. जिंकलेल्या बाजूने उलट धारवाडला कॅव्हेट टाकून ठेवावी, म्हणजे तुम्हाला न कळवता स्टे होत नाही. ती ९० दिवसच टिकते, पुढे पुन्हा टाकावी लागते.

अपिलं वर्षानुवर्षं पडून राहतात आणि तेवढ्यात पक्षकार वारतो. त्याचे वारस ९० दिवसांत रेकॉर्डवर आणले नाहीत तर त्याच्यापुरतं अपील संपतं. मुलांना वडिलांची केस आहे हेच माहीत नसतं. म्हणून केसचा सीएनआर नंबर, म्हणजे तिचा स्वतंत्र ओळख क्रमांक, घरात दोघांना तरी देऊन ठेवा. धारवाडच्या प्रकरणांचा तो केएएचसी०२ ने सुरू होतो, आणि ई-कोर्ट्सच्या ॲपवर तो घातला की पुढची तारीख दिसते.

वकिलाची फी परवडत नसेल तर धारवाड बेंचच्या विधी सेवा समितीकडे मोफत वकिलासाठी अर्ज करता येतो. अनुसूचित जाती-जमाती, अपंग, कोठडीतले लोक आणि स्त्रिया यांना त्यासाठी मिळकतीची अट नाही. वर सांगितलेल्या खानापूरच्या बहिणीसारख्या कोणालाही, तिच्या नावावर आज एक गुंठा नसला तरी आणि नवऱ्याचा पगार चांगला असला तरी, हा अर्ज करता येतो.